मनुष्यभय चाचणी

भोंगामावशींचा आवाज देवाने एका बाईपुरता केलाच नव्हता. गावाला पुरेल इतका माल चुकून एकाच गळ्यात भरला गेला, असं त्यांचे यजमान म्हणत. बस स्थानकावर घोषणा करण्यात मावशींची सगळी नोकरी गेली. ध्वनिक्षेपक बिघडला तरी दुरुस्तीची घाई कुणी करत नसे. मावशी खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडीचं नाव घ्यायच्या, की पलीकडच्या बाजारात भाव करत बसलेली माणसं पिशव्या उचलून धावत सुटायची. यजमान घड्याळं दुरुस्त करत, म्हणून गाव त्यांना घड्याळकाका म्हणे. गाव बायकोच्या आवाजावर घड्याळ लावतं आणि ते बिघडलं की नवऱ्याकडे आणतं, म्हणजे धंदा घरातल्या घरात, हा काकांचा ठेवणीतला विनोद.

निवृत्त झाल्यावर मात्र तो आवाज घरात मावेना. "दूध उतू जाण्याच्या मार्गावर आहे." "घड्याळजी चष्मा विसरून निघाले आहेत, त्यांनी त्वरित परत फिरावे." अशा सूचना उजाडल्यापासून सुरू. शेवटी काकांनी हात जोडले.

"अगं, गावाला वाटून जो उरायचा तेवढा मला पुरत होता. आता सगळाच माझ्या वाट्याला नको. कुठेतरी जा, काहीतरी शीक."

मावशी गेल्या त्या ‘जखमी व अनाथ वन्यजीव पुनर्वसन नियमन व नियंत्रण कार्यालया’त. मुक्या जिवाची सेवा हातून घडली तर बरंच, असं त्यांच्या मनात होतं. कार्यालयाची पाटी लांब आणि भिंत आखूड, त्यामुळे ‘कार्यालय’ हा शब्द कोपरा वळून स्वच्छतागृहाच्या दारावर आला होता. नवखी माणसं कामाला आधी तिकडेच जात.

तिथल्या नियंत्रण अधिकाऱ्यांनी, म्हणजे साहेबांनी, घरी अनाथ पिल्लं वाढवायचा परवाना घेणाऱ्यांचा वर्ग स्वतः घेतला. विषय होता मौन. साहेब मौनावर दुपारभर बोलले.

"अनाथ पिल्लाला माणूस दिसता कामा नये, माणूस ऐकू येता कामा नये," ते टेबलावर मूठ आपटत म्हणाले. "आई म्हणून ज्याला पहिल्यांदा पाहील त्याच्या मागे ते जन्मभर जाईल. माणसाला आई समजलं, तर सोडल्यावरही माणसांकडेच येणार. मग कुणी दगड मारेल, कुणी जाळ्यात धरेल. म्हणून अंगावर राखाडी झगा, तोंडावर पडदा, हातात पक्ष्याच्या डोक्याची बाहुली. आणि शब्द? एकही नाही! कळलं?"

"कळलं," मावशी म्हणाल्या, तसे मागच्या रांगेत डुलक्या काढणारे दचकून उठले.

"तुम्ही," साहेब कान चोळत म्हणाले, "तुम्ही सशासारखं काहीतरी घ्या. पक्षी नको."

पण देवाच्या मनात पक्षीच होता. वादळानंतर एका बसचालकाला रस्त्याकडेला करकोच्याचं पिल्लू सापडलं. नुसते पाय आणि वर कापसाचा बोळा. सापडलेली वस्तू मावशींकडे द्यायची आणि मावशींनी पुकारा करायचा, ही त्याची नोकरीतली सवय. छत्री असो, चुकलेलं मूल असो, की करकोचा. तो टोपीत घालून थेट त्यांच्या दारी आला. मावशींनी पुकारा करायला तोंड उघडलं, टोपीत पाहिलं आणि तोंड मिटलं. त्यानंतर ते मागच्या अंगणात कितीतरी महिने उघडलं नाही.

झग्याचं कापडही कार्यालयाचंच लागे. बाजारातलं चालत नसे, छटेचा नियम होता. मावशी भांडारात गेल्या तेव्हा राखाडी कापडाचा मोठा तागा उलगडलेला होता आणि एक शिंपी भांडारपालाच्या खांद्यांचं माप घेत होता. "थंडी वाढली आहे ना," भांडारपाल उगीचच म्हणाला आणि मावशींना झग्यापुरतं कापड बेतास बात कापून दिलं. झगा घोट्यापर्यंत यायला हवा होता, तो गुडघ्याशीच थांबला. मावशींनी खाली राखाडी मोजे चढवले आणि वेळ निभावली. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, हे त्यांना दिसत होतं. पण पिल्लू भुकेलं होतं, आणि पीठ मोजत बसायची ती वेळ नव्हती.

घर बदललं. मागचं अंगण उंच भिंतीचं, वरून जाळी. तिथे मावशी झगा घालून, वाकून, बाहुलीच्या चोचीतून छोटे मासे भरवत. पिल्लू चुकलं की ओरडायचं नाही, आजारी पडलं की चुचकारायचं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! ते उडायला शिकावं म्हणून त्या झग्याच्या बाह्या फडफडवत अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायच्या. शेजारीण गच्चीवरून हे पाहून काकांना हळूच विचारून गेली, "मावशींची तब्येत बरी आहे ना?"

"आवाज बंद झालाय," काका समाधानाने म्हणाले. "बाकी ठणठणीत."

घरातही मावशी कुजबुजतच बोलू लागल्या, कारण त्यांची कुजबुज दोन भिंती ओलांडायची. काकांना पहिल्यांदाच आपल्या घरातल्या घड्याळांचा आवाज आला. त्यातली निम्मी मागे पडत होती, हेही त्यांना तेव्हाच कळलं.

पिल्लाला नाव ठेवायलाही बंदी होती. नाव ठेवलं की माया जडते, असं कलमच होतं. मग दोघं त्याला ‘ते’ म्हणत.

"ते जेवलं का?"

"जेवलं. तुम्ही जेवा."

"माझंही नाव तू कधी घेतलं नाहीस," काका एकदा म्हणाले. "संसारभर ‘अहो’वर भागवलंस. म्हणजे मलाही नियमाप्रमाणेच वाढवलंस की."

"तुम्हाला सोडायचं राहून गेलं," मावशी कुजबुजल्या.

नियमाला न जुमानता माया जडायची ती जडलीच. मायेने कलम वाचलेलं नसतं. ‘ते’ पावसात झग्याखाली शिरून उभं राही, तेव्हा मावशींच्या ओठांवर शब्द येई आणि त्या तो गिळून टाकत. एकदा तरी याला माझा आवाज ऐकू यावा, असं त्यांना फार वाटे. साधं ‘बाळा’ म्हणायचं होतं. पण त्या एका शब्दाची किंमत कुणाला मोजावी लागेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकदा काका चेंडू शोधायला म्हणून भिंतीवरून डोकावले. त्यांचा चेहरा दिसताच ‘ते’ असं किंचाळलं, की काका शिडीवरून घसरून कुंडीत बसले. मावशींनी पडद्याआड हात जोडले. पिल्लू माणसाला भीत होतं. आणखी काय हवं?

हवी होती चाचणी. गावाबाहेरच्या पाणथळीत करकोच्यांचा थवा उतरला होता. चार दिवस चरून तो पुढे जाणार, आणि त्याच्याबरोबर ‘ते’ गेलं तर गेलं. एकट्या पक्ष्याला पुढची वाट कोण दाखवणार? पण साहेबांनी ‘मनुष्यभय चाचणी’ घेतल्याशिवाय सोडता येत नव्हतं. पास झालं तर आकाश. नापास झालं तर ‘माणसाळलेले’ असा शेरा आणि जन्मभर प्राणिबागेचा पिंजरा. मधली वाट नव्हती.

साहेबांनी आजवर ‘प्रत्यक्ष पाहणी’ अनेकदा केली होती. गाडी फाटकाशी उभी राहायची, काच खाली व्हायची, साहेब चिखलाकडे पाहायचे आणि काच वर जायची. "बूट नवे आहेत," असं चालक मावशींना सांगे. चाचणीला मात्र आत यावंच लागणार होतं. काकांनी कार्यालयात इतक्या चकरा मारल्या, की पहारेकरी त्यांना घड्याळ दाखवून घेऊ लागला. शेवटी साहेब आले. सोबत कारकून, आणि पशुवैद्य म्हणून नव्याने लागलेली डॉक्टरीण.

डॉक्टरीणबाई पांढऱ्या कोटात होती. साहेब आणि कारकून नव्या गणवेशात होते. उबदार, राखाडी, गुडघ्यापर्यंतचे कोट. मावशींनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते कोट पाहिले आणि त्यांना आपला झगा आठवला.

पण सांगणार कसं? पालकाने चाचणीच्या वेळी दिसायचं नाही, बोलायचं नाही, हा नियम. आणि अंगण तर खिडकीला लागूनच. त्यांनी काकांकडे पाहून खांद्यावरून हात फिरवले, बाही ओढल्यासारखं केलं, डोळे मोठे केले.

"थंडी वाजतेय?" काकांनी हळूच विचारलं.

तोवर साहेब अंगणात पोहोचले होते. नियमाप्रमाणे ते छाती काढून निश्चल उभे राहिले, माणूस कसा दिसतो याचा नमुना म्हणून. ‘ते’ कोपऱ्यात होतं. त्याने मान वळवली. मग लांब पाय टाकत, पंख पसरून, आनंदाने चिरकत ते साहेबांकडे धावत आलं आणि त्यांच्या बोटांत मासा शोधू लागलं. मासा नव्हता. मग ते कोटाखाली शिरून उभं राहिलं.

साहेबांचा चेहरा आधी खुलला. प्राणिमात्रांना आपली ओढ आहे, असं त्यांना नेहमीच वाटत आलं होतं. मग आपण कशासाठी आलो आहोत ते आठवलं आणि त्यांनी कारकुनाला खूण केली. कारकुनाने पेन काढलं.

खिडकीआड मावशींचा आवाज गळ्यापर्यंत आला. गावाच्या वेशीपर्यंत पोहोचेल असा आवाज, आणि दहा पावलांवर असलेल्या माणसाला एक वाक्य सांगता येत नव्हतं! ओरडल्या असत्या तर ‘त्या’ने माणसाचा आवाज ऐकला असता, तोही आपल्या आईच्या घरातून. त्यांनी पदर तोंडात कोंबला, चहाचा ट्रे काकांच्या हातात दिला आणि नवऱ्याला पाठीत ढकलून अंगणात धाडलं.

काका ट्रे घेऊन बिचकत दारात आले. ‘त्या’ने कोटाखालून पाहिलं: चेहरा, टक्कल, चष्मा. माणूस! ते जिवाच्या आकांताने किंचाळलं आणि साहेबांच्या पाठीमागे जाऊन कोटात तोंड खुपसून थरथरू लागलं. काकाही तेवढेच घाबरले. कपबशा वाजत होत्या. डॉक्टरीणबाईने काकांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि ओठ चावला.

सगळे पुढच्या खोलीत आले. दारं लावली, पडदे ओढले.

"नापास," साहेब चहा उचलत म्हणाले. "वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम. पूर्ण माणसाळलंय."

मावशी पुढे आल्या. एक शब्द न बोलता त्यांनी साहेबांच्या बाहीवर बोट ठेवलं आणि खुंटीवरच्या झग्याकडे दाखवलं.

"ती म्हणतेय, कापड छान आहे," काका म्हणाले.

मावशींनी डोळे वटारले.

"आणि ओळखीचं आहे," काकांनी सुधारलं.

डॉक्टरीणबाईने झगा खुंटीवरून काढून कोटाशेजारी धरला. तोच रंग, तोच पोत, काठाची तीच बारीक रेघ. कारकुनाने आपले हात पाठीमागे लपवले. पण तोही अंगभर राखाडीच होता, लपवून लपवणार किती?

"साहेब," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाली, "हे पिल्लू माणसाला भितं. तुम्हाला भीत नाही."

"म्हणजे? मी माणूस नाही?"

कारकुनाला वाटलं आपल्याला विचारलंय. "नियमावलीत अधिकाऱ्याची व्याख्या वेगळी आहे साहेब," तो म्हणाला, "आणि माणसाची वेगळी."

"तुम्ही गप्प बसा."

"सोपं आहे," डॉक्टरीण म्हणाली. "कोट काढून परत आत चला."

"गणवेशाशिवाय घेतलेली चाचणी ग्राह्य नाही. तो नियम मीच घातलाय."

"मग नापास झाल्याचं कारण अहवालात लिहावं लागेल. कोटाचं कापड कुठून आलं, तेही."

साहेबांना चहा एकदम फार गरम लागला. त्यांनी बशीत ओतला, फुंकला, पुन्हा कपात ओतला. एवढ्या वेळात त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "थांबा," ते म्हणाले. "चाचणी म्हणजे काय? माणूस समोर यावा आणि पक्षी पळावा. आज माणूस समोर आला होता की. चहा घेऊन."

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं.

"पक्षी यांना पाहून पळाला. लिहा: चाचणीचा मनुष्य, सदर गृहस्थ. पक्षी उत्तीर्ण."

"इतक्या वर्षांनी माणूस म्हणून मान्यता मिळाली," काका मावशींना म्हणाले. "तुझ्याकडून मिळाली नाही ती नाहीच."

मावशींनी डोळे पुसले आणि देवाचे आभार मानले. पण नियम अजून संपले नव्हते. उत्तीर्ण पक्ष्याजवळ पालकाने फिरकायचं नाही. झगा तात्काळ जमा. कारकुनाने तो घडी करून काखेत मारला, शिक्का मारला आणि भांडाराच्या गाडीने रवानाही केला.

"आता सोडायला कुणाला तरी पाठवू," साहेब उठत म्हणाले.

"सोडण्याचं काम ‘नियंत्रण अधिकाऱ्याने स्वतः’ करायचं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाली. साहेबांना आठवलं. तो शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने घातला होता. वर्तमानपत्रात पक्षी सोडतानाचं छायाचित्र यावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणथळीच्या बांधावर मावशी, काका, कारकून आणि डॉक्टरीण गवताआड बसले. समोर दूरवर थवा चरत होता. मधूनमधून एखादा करकोचा पंख उघडून वारा तपासत होता. आज जाणार, हे कुणालाही कळलं असतं. अलीकडे, पोटरीपर्यंत चिखलात, नव्या बुटांसकट साहेब. झग्याच्या जागी तोच राखाडी कोट, तोंडावर पडदा, हातात बाहुली, जिभेला कुलूप. मौनावर दुपारभर बोलणारा माणूस सकाळभर मौन पाळत होता, आणि ते बोलण्यापेक्षा अवघड जात असल्याचं पाठीवरूनही दिसत होतं. ‘ते’ त्यांच्या मागे मागे. साहेब थव्याकडे चालत, ‘ते’ थव्याकडे चाले. साहेब थांबत, ते थांबे. साहेबांचा पाय रुतला की ते थांबून वाट पाही.

थव्यात हालचाल सुरू झाली. दोन-चार पक्षी माना उंच करून ओरडले. ‘त्या’ने ते ऐकलं, मान वळवली, एक पाऊल त्या दिशेला टाकलं, आणि परत येऊन कोटाला टेकून उभं राहिलं.

डॉक्टरीणबाई कुजबुजली, "कोट काढायला हवा. आई दिसत राहिली तर ते जाणार नाही." तिने उभं राहून कोट काढल्याची खूण केली. साहेबांनी दुरून पाहिलं आणि प्रेमाने हात हलवला. कारकुनाने आपला कोट अर्धा काढून दाखवला. साहेबांनी त्यालाही हात हलवला. काकांनी सदराच काढला. साहेबांना वाटलं, बांधावर उकडत असावं.

थव्याची पहिली रांग धावू लागली.

डॉक्टरीण मावशींकडे वळली. काकाही वळले. "अगं," ते म्हणाले, "आता वेळ झाली."

मावशींनी पिल्लाकडे पाहिलं. इतके महिने ज्याच्यासाठी आवाज गिळला, त्याला तो पहिल्यांदा ऐकू जाणार होता, आणि तो ऐकून त्याने घाबरावं, हेच आता त्याच्या हिताचं होतं. ‘बाळा’ म्हणायचं राहिलं ते राहिलंच. त्या उभ्या राहिल्या, पदर कमरेला खोचला आणि बस स्थानकाच्या खिडकीतून डोकं बाहेर काढल्यासारखी मान पुढे केली.

"साहेब! कोट काढा!"

आख्खी पाणथळ हलली. थवा एका झटक्यात उठला. बदकं उठली, बगळे उठले, पलीकडच्या रस्त्यावर एक बस उगीचच थांबली. ‘ते’ किंचाळून भीतीने थेट कोटाखाली शिरलं. पण त्या आवाजाची आज्ञा आजवर कुणी मोडली नव्हती. साहेबांनी पडदा, बाहुली, कोट, सगळं अंगावरून ओरबाडून चिखलात फेकलं, आणि बनियनमध्ये, उघड्या दंडांनी, घाम पुसत उभे राहिले.

‘त्या’ने वर पाहिलं. आई नव्हती. आईच्या जागी एक माणूस होता.

ते असं काही पळालं, की पाणी दोन्ही बाजूंना फाटलं. धावत धावत पंख उघडले, जसे मावशींनी अंगणात बाह्या फडफडवून शिकवले होते. एकदा पाय पाण्याला लागले, दुसऱ्यांदा लागले, मग लागले नाहीत. थव्याच्या शेवटच्या रांगेमागे एक पक्षी वेडावाकडा उडत गेला, हळूहळू सरळ झाला, आणि मग त्यातलं ‘ते’ कोणतं हे कुणालाच ओळखता येईना.

साहेब कितीतरी वेळ तसेच उभे होते. कारकून चिखल तुडवत गेला आणि कोट उचलू लागला, तर साहेब म्हणाले, "राहू दे." त्यांच्या त्या वेळच्या आवाजात साहेबपण कमी होतं, असं कारकुनाने पुढे बरेच दिवस लोकांना सांगितलं. अर्थात पुढच्या महिन्यात नवा नियम निघालाच: सोडण्याच्या कामी परवानाधारकांपैकी एकाने बांधावर उभं राहून सूचना द्याव्यात. आवाजाची कमाल मर्यादा मात्र अजून विचाराधीन आहे.

परत येताना रस्त्यावर मावशी गप्प होत्या.

"आता बोल की," काका म्हणाले. "आता घरात कुणी नाही. हवं तेवढं बोल."

मावशींनी तोंड उघडलं. आवाजच फुटेना. इतके दिवस साठवलेला सगळा एकाच वेळी खर्ची पडला होता; घसा बसला होता. त्यांनी गळ्याला हात लावून मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं.

काकांना त्या शांततेत कसंतरीच झालं. ते थोडा वेळ चालले, खाकरले आणि अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. करकोच्यांची गाडी वेळेवर सुटलेली आहे."

मावशींनी चालता चालता हाताचा तळवा वर उचलला. अजून मोठ्याने.

"करकोच्यांची गाडी," काकांनी छाती भरून घेतली, "वेळेवर सुटलेली आहे!"

मावशींनी तळवा आणखी वर नेला.